अनुभव धागा : नेत्याचे नाव निघाल्यावर पूर्वी घरात काय होत असे आणि आता काय होते

कराडची शिक्षिका

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. आठवीतील एका मुलाने ‘माझा आवडता नेता’ हा विषय निवडला आणि भाषणाऐवजी महाराष्ट्रातील एका विद्यमान नेत्याची नक्कल करून दाखवली. मानेची लकब, मध्येच ओढलेला श्वास, एका शब्दावरचे अडखळणे, सारे हुबेहूब होते. सभागृह हसले, परीक्षक हसले आणि मीही हसले. स्पर्धा संपल्यावर मी त्याला जवळ बोलावून विचारले की हे नेते कोणत्या खात्याचे मंत्री आहेत. ते त्याला ठाऊक नव्हते. त्यांचे पूर्ण नावही त्याला सांगता आले नाही. समाजमाध्यमांवर त्यांना पडलेले टोपणनाव तेवढे त्याला माहीत होते. नकलेच्या तयारीसाठी त्याने त्यांच्या भाषणांचे पंचवीसेक तुकडे पाहिले होते, मात्र त्यांपैकी एकाही तुकड्यात ते कशाविषयी बोलत होते हे त्याच्या लक्षात राहिलेले नव्हते.

त्या रात्री मला २५ नोव्हेंबर १९८४ हा दिवस आठवला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. यशवंतराव चव्हाण दिल्लीत वारल्याची बातमी आमच्या गावात पोहोचली, तेव्हा वडील शेतातून सरळ विहिरीवर गेले आणि त्यांनी डोक्यावरून पाणी घेतले. घरातले माणूस गेल्यावर घ्यावे तसे. त्या संध्याकाळी आमच्या घरी चूल पेटली नाही.

हे सांगण्याजोगे अशासाठी की माझे वडील आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षाचे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात नेहरूंची बाजू घेतली म्हणून चव्हाणांना ‘सूर्याजी पिसाळ’, म्हणजे फितूर, म्हटले जाई, आणि तसे म्हणणाऱ्यांत वडीलही होते. १९५७ च्या निवडणुकीत कराडमधून चव्हाणांना पाडण्यासाठी ते सायकलवरून गावोगाव हिंडले होते. चव्हाण त्या वेळी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा पसरणी घाटात काळी निशाणे घेऊन उभ्या असलेल्या गर्दीत वडील होते. नेहरूंची गाडी गेली, घोषणा झाल्या, आणि आपल्या टोळीतील कोणीही खडा उचलला नाही, हे ते अखेरपर्यंत अभिमानाने सांगत.

विहिरीवरून आल्यावर आईने त्यांना विचारले की तुमचा तर त्यांना विरोध होता ना. वडील म्हणाले, “विरोध होता म्हणूनच त्यांचे एकेक भाषण ऐकत आलो.” अंत्यसंस्काराच्या दिवशी ते कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर गेले आणि रात्री उशिरा परत आले. तेथे काय पाहिले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

माझ्या विद्यार्थ्याला दोष देण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. त्याच्या हसण्यात मी सामील होते. परंतु ज्याला आपण हसतो त्याचे म्हणणे न ऐकताच हसण्याची ही सवय मला अस्वस्थ करते आहे. तुमच्या घरात, गावात किंवा कचेरीत तुम्ही काय पाहिले ते कृपया लिहावे.

छापखान्यातला

ताई, तुमच्या वडिलांचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

माझे वडील गिरगावातील एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवत, आणि तेही उलट्या अक्षरांत वाचत. त्या काळातील मराठी वृत्तपत्रांतील टीका आजच्या मानाने सौम्य होती असे कोणी समजू नये. आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून सत्ताधाऱ्यांवर जी भाषा वापरली, तिच्यातील काही शब्द आज मला माझ्या नातवंडांसमोर उच्चारवणार नाहीत. तेव्हा सारे सभ्य होते आणि आता सारे बिघडले, असे मी मानत नाही.

फरक मला दुसऱ्या ठिकाणी दिसतो. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व छापखान्याचा पत्ता छापलेला असे. ते १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते, आणि वडील ती ओळ रोज स्वतःच्या हाताने तपासत असत. नेत्याची खिल्ली उडवणारा मनुष्य कोण आहे, तो कोठे बसतो आणि खटला भरायचा झाल्यास कोणावर भरायचा, हे त्या नेत्यालाही ठाऊक असे. एकदा एका मंत्र्यांविषयीचा मजकूर जुळवून झाल्यावर संपादक स्वतः जुळारीखान्यात आले आणि त्यांनी एक संपूर्ण परिच्छेद काढायला लावला. त्यात मंत्र्यांच्या आजारी मुलाचा उल्लेख होता. वडिलांनी जुळवलेले ते खिळे पुन्हा एकेक करून खिळ्यांच्या पेटीतील आपापल्या घरांत टाकले, आणि मेहनत फुकट गेल्याचे त्यांना अजिबात वाईट वाटले नाही. आज माझ्या दूरध्वनीवर रोज सकाळी जे चित्र येते, त्याखाली कोणाचेही नाव नसते. ते चित्र माझ्यापर्यंत पोहोचवणारा माझा सख्खा भाचा असतो आणि त्यालाही ते कोणी काढले हे माहीत नसते.

आणखी एक गोष्ट लिहिण्याचा मोह आवरत नाही. बाळासाहेब ठाकरे यांचे ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक १९६० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रकाशन तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले होते. ज्या साप्ताहिकाचे कामच राज्यकर्त्यांना टोचणे होते, त्याच्या प्रकाशनाला मुख्यमंत्री स्वतः गेले. मला हा त्यांचा मोठेपणा वाटतो, आणि बोलावणाऱ्याचाही.

आजीची नात

चेष्टा आणि आदर एकाच घोषणेत कसे राहू शकतात याचे उदाहरण माझ्या आजीच्या तोंडी होते. ती गोरेगावची, आणि महागाईविरोधात मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेली. १९७७ मध्ये मृणालताई लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिराजी पराभूत झाल्या, तेव्हा “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात” ही घोषणा तिने गल्लीभर दिली होती. मात्र १९८४ मध्ये इंदिराजींची हत्या झाली, तेव्हा हीच आजी दिवसभर रेडिओजवळून हलली नाही. बाळाला झोपवायचे आहे, म्हणून इतकेच लिहून थांबते.

माजी सरपंच

वर मोठ्या नेत्यांविषयी लिहिले आहे. मी अगदी खालच्या पायरीवरची लोकप्रतिनिधी होते, पण माझा अनुभव याच विषयातला आहे असे मला वाटते.

आमच्या गावचे सरपंचपद महिलांसाठी राखीव झाले तेव्हा मी उभी राहिले आणि निवडून आले. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा अहवाल वाचला. ग्रामसेवकांनी तो माझ्या हातात सभेच्या दहा मिनिटे आधी दिला होता. ‘पुनर्विनियोजन’ या शब्दावर माझी जीभ तीन वेळा अडखळली. कोणीतरी तेवढाच भाग दूरध्वनीवर चित्रित केला, त्याला मागे हसण्याचा आवाज आणि गाणे जोडले, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत पंचक्रोशीतील प्रत्येक गटावर फिरली. एका लग्नाच्या वरातीत ती मोठ्या पडद्यावर दाखवली गेली असे मला नंतर कळले. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. वर्गात तिला ‘पुनर्वि’ म्हणून हाक मारू लागले.

हे सारे मी सोसले असते. मात्र त्यातील एका गटात माझे पती होते, आणि त्यांनीही त्या चित्रफितीखाली हसणारा चेहरा टाकला होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले की सगळे टाकत होते, मी एकटा गप्प राहिलो असतो तर वेगळेच दिसले असते. ते वाईट मनुष्य नाहीत. पुढची पाच वर्षे त्यांनी मला कागदपत्रांत खूप मदत केली. तरीही ते पिवळे चित्र माझ्या मनातून गेलेले नाही.

माझ्या आधीच्या कारकिर्दीत स्मशानभूमीच्या कुंपणाचे पैसे उचलले गेले आणि कुंपण उभे राहिलेच नाही. ही गोष्ट गावातील प्रत्येक मनुष्याला ठाऊक होती. त्याची चेष्टा एकदाही झाली नाही, कारण ते गृहस्थ दांडगे होते. मला हसणे सोपे होते. चेष्टा वरच्याला खाली ओढते असे म्हणतात, पण आमच्या गावात तरी ती आधीच खाली असलेल्यालाच लागली.

राज्यात स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा २०११ पासून मिळाल्या. त्या जागांवर बसलेल्या बायकांना काय ऐकावे लागते, याची नोंद कोठे होत असेल का, असा विचार मनात येतो. मी दुसऱ्यांदा उभी राहिले नाही.

कराडची शिक्षिका

ताई, तुमचे लिखाण वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुमची मुलगी आता कशी आहे?

माजी सरपंच

ती आता बारावीत आहे आणि बरी आहे. तिने वादविवाद स्पर्धेत भाग घेणे मात्र तेव्हापासून सोडले, ते अजून सुटलेलेच आहे.

रांगेतला मतदार

सरपंचताईंविषयी मला मनापासून आदर वाटतो आणि त्यांच्यावर जे झाले ते अन्यायाचेच होते. परंतु मोठ्या नेत्यांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि ते येथे मांडणे मला आवश्यक वाटते. आदर कमी झाला असे आपण म्हणतो, तेव्हा तो आमच्याकडून गळून पडला असा सूर लागतो. माझ्या बाबतीत तो काढून घेतला गेला.

२१ ऑक्टोबर २०१९ रोजी मी दोन तास रांगेत उभा राहून मत दिले. ज्या पक्षाच्या विरोधात माझ्या उमेदवाराने प्रचार केला, त्याच पक्षाबरोबर तो पुढे सत्तेत बसला. २३ नोव्हेंबरच्या सकाळी मी दात घासत असताना दूरचित्रवाणीवर राजभवनातील शपथविधी दिसला, आणि ते सरकार चार दिवसही टिकले नाही. नंतर दुसरे सरकार आले. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २ जुलै २०२३ रोजी दुसरा फुटला, आणि या सगळ्यात माझे ते एकच मत वेगवेगळ्या सरकारांच्या बहुमतात मोजले गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये झाला. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मिळणारे संरक्षण २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. तरीही जून २०२२ च्या फुटीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला आणि विधानसभा अध्यक्षांचा निर्णय त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये. तोवर विधानसभेची मुदतच संपत आली होती.

अशा वेळी माझ्यासारख्या मनुष्याने काय करावे? न्यायालयात जाण्याची माझी ऐपत नाही आणि पुढची निवडणूक पाच वर्षांनी येते. मधल्या काळात एखादे व्यंगचित्र पुढे पाठवणे हे माझ्या हातात उरलेले एकमेव काम होते, आणि ते मी केले. मला त्याची लाज वाटत नाही. मला वाईट एवढेच वाटते की ते पाठवून झाल्यावर माझा राग निवत असे, आणि दुसऱ्या दिवशी आमदारांच्या कार्यालयात जाऊन जाब विचारण्याचा बेत माझ्याकडून प्रत्येक वेळी मागे पडत असे.

सांगोलकर

रांगेतले मतदार यांच्याशी मी सहमत आहे, पण आमच्या तालुक्याची गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखी आहे.

गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. पहिल्यांदा १९६२ मध्ये आणि शेवटच्यांदा २०१४ मध्ये. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत असे, आणि आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आमच्या गावात त्यांच्या विरोधात मत देणारी घरे पुष्कळ होती. १९७२ आणि १९९५ मध्ये ते पराभूतही झाले. परंतु त्यांच्या विरोधातल्या मनुष्यालाही त्यांच्या नावापुढे ‘आबा’ लावल्याशिवाय बोलता येत नसे. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, जून २०२२ च्या त्या फुटीच्या वेळी, आमच्या तत्कालीन आमदारांची गुवाहाटीहून केलेल्या संभाषणाची ध्वनिफीत राज्यभर वाजू लागली. त्यातील झाडी, डोंगर आणि ‘हाटील’ लोकांच्या तोंडी बसले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. गाव सांगोला असे सांगितले की लोक आधी आबांविषयी विचारत. त्या जूननंतर ते हसून ती ओळ म्हणू लागले. आमच्या माणदेशी बोलीलाच लोक हसत होते, आणि आमदार आपल्या मतदारसंघापासून इतके दूर का गेले होते हा प्रश्न त्या हसण्यात बुडून गेला. मला त्याचे दुःख आजही आहे.

गॅलरीतून

विधिमंडळाच्या वार्तांकनात मी वीसहून अधिक वर्षे घालवली आहेत, मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात. सांगोलकरांनी जे म्हटले त्याचा दुसरा भाग मी रोज पाहतो.

सभागृहाचे कामकाज सुरू होण्यापूर्वी विधान भवनाच्या पायऱ्यांवर सदस्य फलक घेऊन उभे राहतात. पायऱ्यांवरील निदर्शने जुनीच आहेत आणि विरोधी पक्षाचा तो हक्क आहे. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात “पन्नास खोके, एकदम ओके” ही घोषणा त्याच पायऱ्यांवर दिली गेली, सत्ताधाऱ्यांनी उलट घोषणा दिल्या, आणि प्रकरण धक्काबुक्कीपर्यंत गेले. त्या दिवशी वाहिन्यांचे सर्व कॅमेरे पायऱ्यांकडे होते. अशा दिवशी आत एखाद्या तरुण सदस्याने महिनाभर माहिती गोळा करून मांडलेली लक्षवेधी सूचना कोणाच्याही नजरेस येत नाही. पुरवणी मागण्यांसारखा विषय, ज्यात जनतेचे हजारो कोटी रुपये असतात, रिकाम्या बाकांसमोर मंजूर होताना मी पुष्कळदा पाहिला आहे.

एका आमदाराने मला एकदा कळकळीने सांगितले की मी सभागृहात अर्धा तास सिंचनावर बोललो, ते माझ्या स्वतःच्या भावानेही पाहिले नाही. बाहेर येऊन विरोधकाला एक प्राण्याचे नाव दिले, तर रात्रीपर्यंत गावाहून शंभर दूरध्वनी आले. तो मनुष्य अभ्यासू होता. पुढच्या अधिवेशनापासून तो आत कमी आणि पायऱ्यांवर जास्त दिसू लागला. नेत्यांची चेष्टा करायला जनतेला शिकवले कोणी, असा प्रश्न मला पडतो तेव्हा मला तो आमदार आठवतो. मीही त्या दिवशी त्याच्या सिंचनाच्या भाषणाची बातमी चार ओळींत आटोपली होती, हेही येथे नोंदवतो.

निळी पहाट

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. प्रत्येक घरातील आदर एकाच जातीचा नसतो.

२०१२ मध्ये मी अकरावीत होतो. राज्यशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. त्यात बाबासाहेब संविधान नावाच्या गोगलगायीवर बसले आहेत आणि नेहरूंच्या हातात चाबूक आहे. नेहरूंनी शंकर यांना ‘मलाही सोडू नका’ असे सांगितल्याची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि ती कौतुकाची आहेच. पण ज्यांच्या आजोबांच्या पाठीवर खरोखर चाबूक बसले होते, त्यांना ते चित्र पाहताना काय वाटते, हे नेहरूंच्या उदारपणाने सुटत नाही. माझ्या वडिलांनी ते पान पाहिले आणि पुस्तक मिटून शांतपणे बाजूला ठेवले.

त्यानंतर जे झाले त्यानेही आमचे दुःख वाढवले. पुस्तकाचे सल्लागार असलेल्या सुहास पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची तोडफोड झाली. त्यांनी आणि दुसरे सल्लागार योगेंद्र यादव यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. वडील तेव्हा म्हणाले की ज्यांनी आम्हाला पुस्तक हातात घ्यायला शिकवले, त्यांच्या नावाने पुस्तकांची खोली फोडली. चित्र मला आजही खुपते, आणि ती तोडफोडही खुपते. दोन्ही एकदमच खुपतात.

कचेरीतला वकील

आदर मागून मिळत नाही, आणि धाकाने मिळालेला आदर मला नको आहे, म्हणून दोन ओळी लिहितो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी समाजमाध्यमावर साधे मत लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या घरांतून मुलींचे दूरध्वनी काढून घेतले गेले होते. तो सन्नाटा पाहणाऱ्याला आजचा गोंगाट बरा वाटतो, सरपंचताईंची क्षमा मागून हे लिहितो.

माजी सरपंच

दादा, क्षमा कशासाठी मागता? त्या चित्रफितीसाठी कोणाला अटक व्हावी असे मलाही कधी वाटले नाही. ज्याने ती केली त्याने माझ्यासमोर येऊन बसावे, एवढेच वाटत होते.

कात्री

मी तेवीस वर्षांचा आहे आणि अशा चित्रफिती तयार करणे हे माझे काम होते. सरपंचताईंचे वाचल्यावर न लिहिता राहणे मला शक्य झाले नाही.

सर्वांनी येथे असे गृहीत धरले आहे की चेष्टा लोकांच्या मनातून आपोआप उगवते. काही उगवतेही. पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी ज्या कार्यालयात बसत होतो, तेथे आम्ही नऊ जण एका उमेदवारासाठी काम करत होतो आणि आमच्यापैकी चौघांचे काम त्याच्या प्रतिस्पर्ध्याची टिंगल तयार करणे हेच होते. रोज सकाळी प्रतिस्पर्ध्याच्या आदल्या दिवशीच्या सभांचे चित्रीकरण यायचे, आणि त्यातून आम्ही आठ ते बारा सेकंदांचे तुकडे कापायचो. ते पक्षाच्या नावाने कधीच बाहेर जात नसत. गावातील मित्रमंडळे, लग्नाचे गट, क्रिकेटचे गट अशा ठिकाणांहून ते सुटत, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे की ही जनतेचीच थट्टा आहे. छापखान्यातले काका ज्या बेनाम चित्रांविषयी म्हणतात, त्यांतील काही माझ्या हातची असू शकतील.

एके दिवशी प्रतिस्पर्ध्याचे एक भाषण आले. उमेदवार सत्तरीच्या पुढचे होते. बोलता बोलता ते थांबले, वर पाहिले, ओठ हलवले आणि बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तो थांबा कापला, त्यावर घड्याळाची टिकटिक लावली आणि ‘काका, घरी जा’ अशा अर्थाच्या चार शब्दांनी शेवट केला. आम्ही त्या निवडणुकीत केलेल्या सर्व चित्रफितींमध्ये ती सर्वांत जास्त पाहिली गेली. माझे कौतुक झाले.

निवडणूक संपल्यावर संगणकातील जागा मोकळी करताना ते संपूर्ण भाषण मी पहिल्यांदा ऐकले. ते त्या गावातील एका जुन्या कार्यकर्त्याविषयी बोलत होते, जो आदल्या महिन्यात वारला होता. थांबल्यानंतर त्यांनी त्याचे नाव घेतले. त्यांना नाव आठवत नव्हते असे नाही. त्यांचा कंठ दाटून आला होता. नाव ऐकल्यावर समोरच्या गर्दीतले लोक आपोआप उभे राहिले. हे सारे माझ्या तुकड्यानंतरच्या सहा सेकंदांत होते, आणि मी कापताना तेथपर्यंत पुढे गेलोच नव्हतो.

त्या वृद्ध प्रतिस्पर्ध्याच्या पक्षाला मी तेव्हाही मत दिले नव्हते आणि आजही देणार नाही. ती चित्रफीत मी काढून टाकली, पण ती आता माझ्याकडे नाहीच. ती हजारो दूरध्वनींमध्ये आहे. ते काम मी सोडले आहे. सध्या एका शिकवणीच्या वर्गाचे चित्रीकरण करतो.

छापखान्यातला

बाळा, तुझे लिखाण मी दोनदा वाचले. माझे वडील सांगत की मजकूर जुळवणाऱ्याने पुढची ओळ आधी वाचावी आणि मग हात चालवावा, नाहीतर वाक्य मध्येच तुटते. तू हे लिहिलेस, याबद्दल तुला माझा आशीर्वाद आहे. त्या उमेदवारांना एक पत्र लिहिता येईल का, याचा विचार कर. नाव घातलेस तर उत्तम.

कात्री

काका, पत्र लिहून ठेवले आहे. पत्ता मिळाला आहे. नाव घालण्याचे धाडस अजून झालेले नाही.

कराडची शिक्षिका

इतके अनुभव येतील असे मला वाटले नव्हते. सर्वांचे मनापासून आभार मानते. रांगेतले मतदार यांचे म्हणणे मला पटले. माझे वडील ज्यांना विरोध करत, त्यांनी वडिलांना आदर करण्यासारखे काहीतरी दिले होते, हे मी लिहिताना गृहीतच धरले होते.

शाळेतील त्या मुलाविषयी सांगायचे राहिले. मी त्याला त्या नेत्यांचे एक संपूर्ण भाषण ऐकायला दिले. त्याने ते दोन दिवसांत ऐकले आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन विचारले की बाई, यांनी सांगितलेला कालवा खरोखर झाला आहे का. उत्तर मलाही ठाऊक नव्हते. त्या खात्याला विधिमंडळात विचारलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे मी मिळवली आहेत. सोमवारी आम्ही दोघे ती वाचायला बसणार आहोत. नक्कल त्याने सोडलेली नाही, आणि सोड असे मी त्याला सांगितलेलेही नाही.

माजी सरपंच

बाई, त्याला एक विचाराल का? भाषणात इतके सगळे असताना नकलेसाठी त्याने अडखळणेच का निवडले?

कराडची शिक्षिका

विचारले. तो म्हणाला की तिथे सगळ्यांत जास्त हसू येते. मग थोडे थांबून त्याने मला विचारले, हा प्रश्न कोणी पाठवला आहे.